ओओटीपी बेसबॉल: १,४४० इनिंग टाकणार कोण? पिचिंग स्टाफ सांभाळण्याची सविस्तर पद्धत

'आऊट ऑफ द पार्क बेसबॉल', म्हणजे ओओटीपी, हा बेसबॉल संघ चालवण्याचा संगणकावरचा खेळ. तो खेळताना संघ कोसळतो तो बहुधा ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये पाच स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर, म्हणजे गोलंदाज) धडधाकट असतात, क्लोझर (शेवटची इनिंग टाकणारा) ताजा असतो, संघ पहिल्या क्रमांकावर असतो. मग एकाचं कोपर जातं, दुसरा चौथ्या इनिंगमध्येच बाहेर पडू लागतो, आणि बुलपेनमधले, म्हणजे स्टार्टरनंतर येणारे रिलिव्हर, सगळे कायम दमलेले दिसू लागतात. याला लोक नशीब म्हणतात. बऱ्याचदा तो मार्चमध्ये न मांडलेला हिशेब असतो.

क्रिकेटवर वाढलेल्या खेळाडूने एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. बुमराहची दोन षटकं शेवटासाठी राखून ठेवायची सोय इथे नाही. त्यामुळे 'आत्ता कोण' या प्रश्नाबरोबर 'याच्यानंतर कोण, आणि उद्या कोण' हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी येतातच.

मार्चमधलं गणित

पिचरच्या हिशेबात एक इनिंग म्हणजे समोरच्या संघाचे तीन आउट. १६२ सामने गुणिले नऊ म्हणजे १,४५८ इनिंग. पाहुणा संघ हरत असेल तर त्याला नववी इनिंग टाकावी लागत नाही, उलट काही सामने लांबतात. गोळाबेरीज साधारण १,४४० धरा. आजच्या काळातला स्टार्टर सरासरी सव्वापाच इनिंग टाकतो, म्हणजे स्टार्टरांच्या वाट्याला सुमारे ८५० आणि बुलपेनकडे सुमारे ५९०.

आता नावं लिहा. पहिल्या तिघा स्टार्टरांकडून १७५, १६५ आणि १५० धरा, चौथ्याकडून १३०, पाचव्याकडून १००. बेरीज ७२०. पाचही जण वर्षभर धडधाकट राहतील असं धरून प्रत्येकी ३२ सामने लिहिणं हा स्वतःला फसवण्याचा प्रकार आहे; दुखापती होणारच. म्हणजे १३० इनिंग अशा स्टार्टरांकडून यायच्या, जे पहिल्या दिवशी तुमच्या रोटेशनमध्ये (स्टार्टरांच्या फिरत्या पाळीत) नाहीत. बुलपेनमध्ये चार मुख्य रिलिव्हर प्रत्येकी ६५, पुढचे तिघे प्रत्येकी ६०, लाँग रिलिव्हर (एका दमात बऱ्याच इनिंग टाकणारा) ८०. बेरीज ५२०. इथेही ७० उरल्या.

दोन्ही मिळून २०० इनिंग झाल्या. पुढे जे काही लिहिलं आहे ते बहुतांशी या २०० इनिंगभोवती फिरतं. ट्रिपल-ए संघात (मेजर लीगच्या लगेच खालचा, मायनर लीगमधला तुमचाच संघ) त्या टाकण्याजोगे पाच-सहा पिचर असतील तर ऑगस्ट पार पडतो. नसतील तर क्लोझर कितीही भारी आणा, त्याच्या हातात द्यायला आघाडीच उरत नाही.

पिचर वाचायचा कसा

तीन मुख्य रेटिंग आहेत: स्टफ, मूव्हमेंट आणि कंट्रोल. स्टफमधून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) येतात, मूव्हमेंट होम रन रोखते, कंट्रोल वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) रोखतो. अलीकडच्या आवृत्त्यांत मूव्हमेंटचे दोन घटक वेगळे दिसतात: होम रन टाळण्याची क्षमता, आणि मैदानात खेळल्या गेलेल्या चेंडूवर हिट न देण्याची क्षमता. दोन्ही पाहा, पण होम रनचा आकडा जास्त मनावर घ्या.

इथे नवखे हमखास फसतात. रिलिव्हर म्हणून लावलेल्या पिचरचा स्टफ वाढलेला दिसतो, कारण त्याला थोडेच चेंडू पूर्ण जोर लावून टाकायचे असतात. म्हणून ६० स्टफचा रिलिव्हर आणि ५५ स्टफचा स्टार्टर यांची थेट तुलना करू नका. दोघांना एकाच भूमिकेत ठेवून आकडे पाहा. स्टार्टर म्हणून साधारण दिसणारा, चेंडूचे दोनच चांगले प्रकार असलेला पिचर बुलपेनमध्ये गेल्यावर संघातला दुसऱ्या क्रमांकाचा रिलिव्हर ठरू शकतो, आणि तो तुमच्याकडे आधीपासून असतो. बाजारात क्लोझर शोधण्याआधी स्वतःच्या ट्रिपल-एमधले असे फसलेले स्टार्टर चाळा.

स्टार्टर म्हणून टिकायला दोन गोष्टी लागतात: किमान तीन वापरण्याजोगे चेंडूचे प्रकार आणि पुरेसा स्टॅमिना. २० ते ८० च्या मापात स्टॅमिना ४५-५० च्या खाली असेल तर तो पाचव्या इनिंगपर्यंत क्वचित पोहोचेल. कंट्रोलकडेही याच नजरेने पाहा. कंट्रोल ४० असलेला स्टार्टर फक्त वॉक देत नाही. प्रत्येक बॅटरवर जास्त चेंडू खर्च करतो, ९० चेंडूंत साडेचार इनिंग टाकतो आणि उरलेल्या बुलपेनच्या अंगावर टाकून जातो. त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी) ठीकठाक असला तरी तो महागच पडतो.

डाव्या आणि उजव्या बॅटरविरुद्धची रेटिंग वेगळी उघडून बघा. एकत्रित आकड्यात ५० दिसणारा उजव्या हाताचा पिचर उजव्या बॅटरांविरुद्ध ५८ आणि डाव्यांविरुद्ध ४१ असू शकतो. स्टार्टर म्हणून तो समोरच्या संघाच्या सात डाव्या बॅटरांच्या लाइनअपसमोर सापडतो. सातव्या इनिंगमध्ये योग्य जागी आणला तर तोच उपयोगी.

आकडेवारी पाहताना ईआरएपेक्षा एफआयपी पाहा, म्हणजे क्षेत्ररक्षण वगळून फक्त पिचरच्या हातातल्या गोष्टींवरून काढलेला आकडा. सूत्र सोपं आहे: होम रन गुणिले १३, अधिक वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज गुणिले ३, वजा स्ट्राइकआउट गुणिले २, याला इनिंगने भागा आणि लीगचा स्थिरांक मिळवा, तो बहुधा ३.१ च्या आसपास असतो. दोन रिलिव्हर घ्या, दोघांच्या ६० इनिंग. पहिल्याचा ईआरए ४.२०, पण ७० स्ट्राइकआउट, २० वॉक, ६ होम रन. ७८ अधिक ६० वजा १४० म्हणजे उणे २, भागाकार जवळजवळ शून्य, एफआयपी ३.०७. दुसऱ्याचा ईआरए २.१०, पण ४५ स्ट्राइकआउट, २८ वॉक, ८ होम रन. १०४ अधिक ८४ वजा ९० म्हणजे ९८, भागाकार १.६३; एफआयपी ४.७३. जुलैमध्ये दुसऱ्याला विका. कुणीतरी तो ईआरए पाहून चांगला खेळाडू देतो. संगणकाचे संघही चालू हंगामाच्या आकड्यांना थोडंफार भुलतात, विशेषतः ट्रेडमध्ये खेळाडू जोखताना चालू आकड्यांना किती वजन द्यायचं ते सेटिंग वर ठेवलेलं असेल तर.

१३ जागा, त्यातल्या किती हलत्या

आजच्या मेजर लीगच्या नियमांत २६ जणांचा संघ आणि त्यात जास्तीत जास्त १३ पिचर. पाच स्टार्टर, आठ रिलिव्हर. सप्टेंबरमध्ये २८ जण आणि १४ पिचर. आठ रिलिव्हर पुरेसे वाटतात, पण त्यातले आठही कायमचे असले तर तुम्ही अडकलात.

बुलपेनमधल्या किमान तिघांकडे मायनर लीगला पाठवण्याचे ऑप्शन शिल्लक असू द्या. ऑप्शन संपलेला पिचर खाली पाठवायचा तर आधी वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघांपुढे ठेवला जातो, आणि बरा असेल तर दुसरा संघ उचलतो. ऑप्शन असलेला पिचर खाली गेला की निदान १५ दिवस तिथे राहावा लागतो, जखमी खेळाडूच्या जागी परत बोलावला तरच अपवाद. एका हंगामात एकाच खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. म्हणून वर-खाली करण्यासाठी एकच माणूस ठेवून भागत नाही. तिघे वर आणि तिघे खाली, अशा जोड्या हव्यात, आणि सगळे ४० जणांच्या यादीत (ज्यातूनच मेजर लीगच्या संघात खेळाडू घेता येतात) हवेत. मार्चमध्ये ४० ची यादी ठोकून भरून टाकणं टाळा. एखादी जागा मोकळी ठेवली तर मेमध्ये वेव्हरवर आलेला पिचर पटकन उचलता येतो.

दुखापत झाली तर पिचरांसाठी १५ दिवसांची यादी असते. कोपराचा लिगामेंट फाटला, म्हणजे टॉमी जॉन शस्त्रक्रिया आली, तर त्याला ताबडतोब ६० दिवसांच्या यादीत टाका. तसं केल्याने ४० मधली जागा सुटते, १५ दिवसांच्या यादीत ठेवून ती सुटत नाही. हे विसरून लोक उगाच कुणाला तरी सोडून देतात.

भूमिका वाटताना

पिचिंगच्या पडद्यावर प्रत्येक रिलिव्हरला भूमिका द्यायची असते: क्लोझर, सेटअप (क्लोझरच्या आधीचा), स्टॉपर (अटीतटीच्या क्षणी आणायचा), मिडल, लाँग, स्पेशालिस्ट (ठरावीक बॅटरसाठीचा), मॉप-अप (हातातून गेलेले सामने संपवणारा). सवयीने माणूस सगळ्यात भारी पिचर क्लोझर करतो. मग तो नवव्या इनिंगमध्ये तीन रनांच्या आघाडीवर येतो, जी साधारण पिचरही बहुतेक वेळा टिकवतो. दरम्यान सातव्या इनिंगमध्ये एका रनची आघाडी, दोन रनर बेसवर, समोर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे बॅटर, आणि माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) तुमचा सहाव्या नंबरचा रिलिव्हर.

सगळ्यात भारी माणूस स्टॉपर करा, क्लोझर दुसऱ्या नंबरचा. स्टॉपरचा स्टॅमिना थोडा जास्त असेल तर बरं, कारण तो सव्वा-दीड इनिंगही टाकेल. एक व्यावहारिक फायदाही आहे: सेव्हचे (आघाडी टिकवून सामना संपवल्याच्या नोंदींचे) आकडे मोठे असले की पगाराची मागणी वाढते. दुसऱ्या नंबरच्या पिचरला ३५ सेव्ह मिळवून द्या आणि करार संपायच्या आधी त्याला ट्रेडमध्ये काढा.

लाँग रिलिव्हर म्हणजे बुलपेनमधला टाकाऊ माणूस, असं समजू नका. तो सहावा स्टार्टरच असावा. स्टार्टर तिसऱ्या इनिंगमध्ये जखमी झाला तर तोच चार इनिंग टाकतो, आणि आठवड्याने रोटेशनमध्येही तोच जातो. टाकाऊ माणसासाठी मॉप-अप आहे. मॉप-अपची जागा मुद्दाम हलती ठेवा.

स्पेशालिस्टबद्दल सावध. २०२० पासून मेजर लीगमध्ये पिचरला किमान तीन बॅटरांना सामोरं जावं लागतं किंवा समोरच्या संघाची ती इनिंग तिसऱ्या आउटपर्यंत संपवावी लागते. फक्त डाव्या बॅटरसाठी आणलेला डावखुरा पिचर पुढच्या दोन उजव्यांसमोर उघडा पडतो. लीगमध्ये हा नियम चालू आहे का, ते आधी पाहा. बंद असेल, किंवा १९९० च्या दशकातला हंगाम खेळत असाल, तर स्पेशालिस्ट अजूनही सोन्याचा.

सेटिंग: सामना स्वतः न खेळणाऱ्यांसाठी तर हेच सर्वस्व

बहुतेक जण दिवस पुढे ढकलत खेळतात, सामना संगणकाचा मॅनेजर चालवतो. 'परफेक्ट टीम' मोडमध्ये तर सामन्यात हात घालायची सोयच नाही. तेव्हा जे काही सांगायचं ते सेटिंगमधूनच.

आधी रोटेशनचा क्रम. ठरलेल्या क्रमानेच पाच जण फिरवायचे, की विश्रांती झालेल्यांपैकी सगळ्यात वरचा पाठवायचा, हे निवडता येतं. हंगाम सुमारे १८६ दिवसांचा, सामने १६२. मधल्या सुट्ट्यांमुळे दुसरा पर्याय घेतला तर पाचव्या स्टार्टरची पाळी अधूनमधून गळते आणि पहिल्याचे दोन-तीन सामने वाढतात. पहिला आणि पाचवा यांच्यात मोठी दरी असेल तर हे फायद्याचं. पण पहिला पस्तिशीचा असेल, किंवा दुखापतीच्या रकान्यात त्याला 'नाजूक' असा शेरा असेल, तर ठरलेला क्रमच बरा. अशांसाठी सहा जणांचं रोटेशनही विचारात घ्या.

मग हुक, म्हणजे पिचर किती लवकर काढायचा ते. सगळ्या संघासाठी एकच हुक लावून मोकळं होऊ नका. संघाचा हुक मधोमध ठेवा आणि खेळाडूगणिक बदला. पहिल्या दोघांचा हुक सैल, चौथ्या-पाचव्याचा घट्ट. २२ वर्षांच्या नव्या स्टार्टरला ८५ ते ९० चेंडूंची मर्यादा घाला. जूनमध्ये ती वाढवायची हे कुठेतरी लिहून ठेवा. 'चांगला खेळत असताना पोराला ७० चेंडूंवर का काढतो हा मॅनेजर' या तक्रारीचं कारण दहातल्या सात वेळा विसरलेली चेंडूमर्यादाच असते.

तिसरं, स्टार्टरला रिलीफमध्ये वापरण्याची परवानगी. नियमित हंगामात ती बंद करा. चालू राहिली तर मॅनेजर तेराव्या इनिंगमध्ये शुक्रवारचा स्टार्टर गुरुवारीच खर्च करून टाकतो आणि शुक्रवारी कुणीतरी अर्धवट दमलेला माउंडवर दिसतो.

ओपनर (फक्त पहिली इनिंग टाकायला आणलेला रिलिव्हर) वापरायचा असेल तर दोन माणसं जोडीने लागतात. १९ मे २०१८ रोजी टॅम्पा बे रेजने सर्जिओ रोमोला पहिल्या इनिंगसाठी पाठवलं आणि मागून रायन यारब्रो आला, तेव्हापासून ही पद्धत रुळली. तिचं मर्म असं की समोरच्या संघाचे सगळ्यात घातक तीन-चार बॅटर पहिल्या फेरीत रिलिव्हरने घ्यायचे, म्हणजे मागून येणारा चौथ्या दर्जाचा स्टार्टर त्यांना तीनऐवजी दोनदाच भेटतो. ओओटीपीत ओपनर लावला पण फॉलोअर, म्हणजे मागून येणारा, नेमला नाही तर दुसऱ्या इनिंगपासून अख्खं बुलपेन उधळलं जातं. आणि ही युक्ती पाचव्या स्टार्टरपुरतीच ठेवा. पहिल्या तिघांपुढे ओपनर लावणं म्हणजे रिलिव्हर वाया घालवणं.

थकव्याची रोजची नोंद

पिचिंगच्या पडद्यावर गेल्या काही दिवसांत कुणी किती चेंडू टाकले ते दिसतं. ढोबळ हिशेब असा: रिलिव्हरने १५ पर्यंत टाकले तर उद्या चालेल; २५-३० टाकले तर एक दिवस सुट्टी; ४० च्या वर गेले तर दोन-तीन दिवस विसरा. सलग तिसऱ्या दिवशी कुणालाही आणू नका, अगदी १० चेंडू टाकले असले तरी. स्टॅमिना कमी असलेल्यांना याहून जास्त वेळ लागतो. दमलेला पिचर फक्त वाईट टाकत नाही. त्याच्या दुखापतीचा धोकाही वाढतो.

आता एक वाईट मंगळवार घ्या. घरच्या मैदानावर चौथा स्टार्टर सव्वातीन इनिंग टाकून, म्हणजे चौथ्या इनिंगमध्ये एक आउट मिळवून, बाहेर. ११-२ ने मागे. सामना गेला. आता जिंकायचंय ते बुधवारी आणि गुरुवारी. लाँग रिलिव्हर आणा आणि त्याच्याकडून चौथी संपवून सातवीपर्यंत टाकून घ्या, मग त्याला मार पडला तरी काढू नका; तो ६०-६५ चेंडू टाकेल. आठवी मॉप-अपकडे. नववीत बॅटरच पिचिंगला उभा करा. आठ किंवा अधिक रनांनी मागे असलेल्या संघाला नियम तशी मुभा देतो. मुख्य चौघांनी एकही चेंडू टाकलेला नाही, इथेच दिवस वाचला.

बुधवारी सकाळी लाँग रिलिव्हर चार दिवस निकामी. त्याला खाली पाठवायचा मोह होतो, पण १५ दिवस तो परत येणार नाही आणि तो तुमचा सहावा स्टार्टर आहे. खाली जायला हवा तो मॉप-अप. त्याच्या जागी ट्रिपल-एमधला, निदान तीन दिवस न टाकलेला आणि ३-४ इनिंग टाकू शकेल असा माणूस आणा. लोक इथे ट्रिपल-एचा क्लोझर बोलावतात, कारण त्याची रेटिंग चांगली दिसते. त्याचा स्टॅमिना एका इनिंगचा असतो. तुम्हाला लांब टाकणारा हवा होता, म्हणून बुधवारी पुन्हा तीच अडचण.

ट्रिपल-ए रिकामं ठेवू नका

त्या २०० इनिंग इथूनच येतात. ट्रिपल-एच्या रोटेशनमध्ये दोन प्रकारचे लोक ठेवा: दोन-तीन तरुण, ज्यांची वाढ बघायची आहे, आणि दोन-तीन ३०-३३ वर्षांचे, ज्यांची वाढ संपली आहे पण मेजर लीगमध्ये पाच इनिंग टाकता येतात. हे प्रौढ पिचर फेब्रुवारीत मायनर लीगच्या करारावर जवळजवळ फुकट मिळतात. इतर संघ यादी भरून बसलेले असतात, तेव्हाच शोधा. आठ-दहा जण घ्या. एप्रिलअखेर निम्मे सोडून दिले तरी काही बिघडत नाही.

तरुणाला वर-खाली करण्याच्या जागेवर बसवू नका. त्याला दर पाचव्या दिवशी पूर्ण सामना टाकू द्या. मेजर लीगच्या बुलपेनमध्ये दहा दिवसांतून एकदा मॉप-अप करणारा २१ वर्षांचा पिचर वाढत नाही, आणि मेजर लीगमधला सेवाकाळ, ज्यावर पुढचा पगार ठरतो, तो मात्र मोजला जातो.

मायनर लीगचं पिचिंग संगणकावर सोडलं असेल तर महिन्यातून एकदा डोकावा. वरून एखादा जुना पिचर खाली गेला की संगणक कधीकधी तुमच्या आवडत्या तरुणाला रोटेशनमधून काढून बुलपेनमध्ये टाकतो.

सामना स्वतः खेळत असाल तर

बॅटर एकाच स्टार्टरला तिसऱ्यांदा भेटतो तेव्हा त्याचं पारडं जड होतं. म्हणून पाचव्या-सहाव्या इनिंगच्या उंबरठ्यावर, लाइनअपचा पहिला बॅटर तिसऱ्यांदा येत असेल तेव्हा थांबून विचार करा. पण विचार करा, आंधळेपणाने काढू नका. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेजचा मॅनेजर केविन कॅशने आपल्या स्टार्टरला, ब्लेक स्नेलला, ७३ चेंडूंवर काढलं. स्नेलचे तोवर नऊ स्ट्राइकआउट आणि दोनच हिट होते. आत आला निक अँडरसन, डॉजर्सच्या मूकी बेट्सने लगेच डबल (दोन बेसचा फटका) मारला, आणि डॉजर्स ३-१ ने जिंकले. कॅशचं तत्त्व चूक नव्हतं. पण अँडरसन त्या ऑक्टोबरमध्ये वारंवार वापरला गेला होता आणि आधीच्या सामन्यांतही रन देत आला होता. आत येणारा हा बाहेर जाणाऱ्यापेक्षा आज, या थकव्यासह, चांगला आहे का, एवढाच प्रश्न विचारायचा. नुसती रेटिंग पाहून उत्तर मिळत नाही, थकव्याचा रकाना बघावा लागतो.

वॉर्मअपची सोय चालू असेल तर एका बॅटरआधी उठवून उपयोग नाही. तयार व्हायला वेळ लागतो. दुसरीकडे, तीन इनिंग वॉर्मअप करत ठेवलेला माणूस न खेळताच दमतो. दोन बॅटर बेसवर जाण्याची वाट पाहू नका. पहिला वॉक झाला की उठवा, इनिंग संपली की बसवा.

मैदान आणि क्षेत्ररक्षणाचं थोडक्यात. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फूट उंच. तिथे हवेत चेंडू जाऊ देणारा पिचर नको, ग्राउंड बॉल टाकणारा हवा, आणि मग शॉर्टस्टॉप-सेकंड बेसचे क्षेत्ररक्षकही चांगले हवेत, नाहीतर तेच ग्राउंड बॉल हिट होतात. यांकी स्टेडियममध्ये उजवीकडची भिंत ३१४ फुटांवर, म्हणून डाव्या बॅटरांना आवर घालणारा डावखुरा स्टार्टर तिथे जास्त मोलाचा. कॅचरचं फ्रेमिंग (काठावरचा चेंडू पंचाला स्ट्राइक वाटेल असा झेलणं) दुर्लक्षू नका: कमकुवत कंट्रोलचे स्टार्टर चांगल्या कॅचरबरोबर जास्त टिकतात.

जुने हंगाम खेळताना

वरचे सगळे आकडे आजचे. १९७१ चा हंगाम उघडला तर ते फेकून द्या. त्या वर्षी मिकी लोलिचने ४५ सामने सुरू केले आणि ३७६ इनिंग टाकल्या. पुढच्या वर्षी विल्बर वुडने ४९ सामने सुरू केले. १९७४ मध्ये माइक मार्शल रिलिव्हर म्हणून १०६ सामन्यांत उतरला आणि २०८ इनिंग टाकून साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, घेऊन गेला. अशा हंगामात चार जणांचं रोटेशन, सैल हुक, नऊ-दहा पिचर आणि एकच मोठा रिलिव्हर पुरतो. चूक होते ती उलट्या दिशेने: लीगचे हंगामी नियम आजचे राहतात आणि खेळाडू १९७१ चे येतात. मग जूनपर्यंत अर्धे स्टार्टर जखमी. हंगाम सुरू करण्याआधी स्टार्टरांचा वापर आणि स्टॅमिना यांची लीग-सेटिंग त्या वर्षाची आहेत ना, तेवढं तपासा.

ऑक्टोबर

३१ ऑगस्टपर्यंत संस्थेत असलेलाच खेळाडू प्लेऑफला पात्र ठरतो, तेव्हा शेवटची खरेदी त्याआधी. सप्टेंबरमध्ये चौदावा पिचर मिळतो. त्याचा उपयोग मुख्य चौघांना आठवड्यातून दोनदाच टाकायला लावण्यासाठी करा. पात्रता पक्की झाली की पहिल्या स्टार्टरला शेवटच्या आठवड्यात ६० चेंडूंवर थांबवा.

प्लेऑफमध्ये संघ पुन्हा २६ चा. तीन सामन्यांच्या वाइल्ड कार्ड मालिकेत तीन स्टार्टर, पुढे चार. पाचवा आणि सहावा बुलपेनमध्ये लाँग म्हणून. आता, आणि आत्ताच, स्टार्टरला रिलीफमध्ये वापरण्याची परवानगी चालू करा. २०१४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मॅडिसन बमगार्नरने पाचव्या सामन्यात ११७ चेंडूंचा शटआउट (एकही रन न देता पूर्ण सामना) टाकला आणि दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर सातव्या सामन्यात पाच इनिंग रिलीफ केली. ओओटीपीत प्रत्येकाकडून हे होणार नाही. ६५-७० च्या वर स्टॅमिना असलेल्याकडूनच अपेक्षा ठेवा, आणि शेवटच्या सामन्यातच. हुक सगळ्यांचा घट्ट करा, पहिल्या स्टार्टरचा सोडून. हंगामात घातलेल्या चेंडूमर्यादा काढा.

हे बदल आपोआप पूर्ववत होत नाहीत. मालिका संपल्यावर, हिवाळ्यातले करार बघायच्या आधी, रिलीफची परवानगी बंद करा आणि हुक परत मधोमध आणा, नाहीतर एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात मॅनेजर पहिल्या स्टार्टरला अकराव्या इनिंगमध्ये रिलीफला उभा करतो.